अर्धा लाउडस्पीकर सुताराचा

लाउडस्पीकरचा इतिहास बहुधा पेटंटांच्या आणि प्रयोगशाळांच्या क्रमाने सांगितला जातो. 1874 मध्ये व्हेर्नर सीमेन्स यांनी चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या कॉइलची कल्पना पेटंटात मांडली, 1915 मध्ये कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी तिच्यातून मोठा आवाज काढून दाखवला आणि 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्याशिवाय चालणारा, कागदी कोनाचा स्पीकर सिद्ध केला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले आहेत. ही नामावळी खरी आहे, पण अपुरी आहे. कोन, कॉइल आणि चुंबक मिळून जे होते तो फक्त अर्धा लाउडस्पीकर असतो. उरलेला अर्धा म्हणजे लाकडाची पेटी, आणि ती अनेक दशके कारखान्याइतकीच घरच्या सुतारकामाच्या टेबलावर घडली. घरी स्पीकर बांधणाऱ्यांना आपण हौशी म्हणून बाजूला ठेवतो, ते मला चुकीचे वाटते. या यंत्राची शिल्लक राहिलेली अर्धी जबाबदारी त्यांनी उचलली, आणि जिथे जिथे विद्या खुली राहिली तिथे ती चांगली पार पाडली. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या शहराचा इतिहास हे स्पष्टपणे दाखवतो.

पेटीला इतके महत्त्व का, हे आधी पाहायला हवे. उघडा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उंच स्वरांत याने फारसे बिघडत नाही. खर्जात मात्र मागची लहर कोनाच्या कडेवरून पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारून टाकते. 40 हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. तेवढा खर्ज वाचवायचा तर कोन निदान चार मीटर रुंद फळीत बसवावा लागेल, आणि अशी फळी कुठल्या घरात मावणार? म्हणून फळीच्या कडा मागे वळवून पेटी केली गेली. पण बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी ताठरते आणि कोनाचा खर्ज वर ढकलते. बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थ्युरास यांना 1932 मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिने पेटीला एक मोजकी वाट ठेवून आतल्या हवेलाच कामाला लावले. त्या वाटेतली हवा आणि पेटीतली हवा मिळून ठरावीक स्वरावर झुलतात आणि कोनाला खर्जात साथ देतात. पेटीचे आकारमान, वाटेची लांबी, फळीची जाडी, सांध्यांचा घट्टपणा ही सारी मोजमापे सुतारकामाची आहेत, आणि त्यातले एक जरी चुकले तरी उत्तम कोनही घुमू लागतो.

याच 1932 साली, कापडाच्या व्यापारात उमेदीची वर्षे घालवलेल्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी ब्रॅडफर्डजवळच्या इल्कलीत घराच्या तळघरात स्पीकर बनवायला सुरुवात केली. वार्फ नदीच्या खोऱ्यावरून त्यांनी कंपनीला वार्फडेल हे नाव दिले. ते इंजिनिअर नव्हते. पियानोचे वेड आणि कान एवढे भांडवल त्यांच्याजवळ होते. युद्धानंतर, एप्रिल 1947 मध्ये, ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाने डी. टी. एन. विल्यमसन यांच्या अॅम्प्लिफायरची रचना छापली. घरी सोल्डरिंग करणाऱ्यांना अत्यंत शुद्ध आवाजाचा अॅम्प्लिफायर करता येऊ लागला आणि त्याला शोभेल असा स्पीकर हवा झाला. 1948 मध्ये ब्रिग्ज यांनी लाउडस्पीकरवर एक पुस्तक लिहून कंपनीतर्फेच प्रसिद्ध केले. अनुनाद म्हणजे काय, पेटी का घुमते, ती कशी बांधावी, हे त्यांनी गणित न येणाऱ्यालाही समजेल अशा भाषेत सांगितले. खोलीच्या कोपऱ्यात विटांची पेटी बांधा, प्लायवूडच्या दोन फळ्यांच्या मध्ये वाळू भरा, असे उपाय त्यांनी सुचवले, कारण वाळूचे कण एकमेकांवर घासून फळीची थरथर गिळून टाकतात. यावर कोणी म्हणेल की स्पीकर विकणाऱ्याने असे पुस्तक लिहिणे ही जाहिरातच होती. अर्थातच तो धंदा होता. पण हा कारखानदार सुटा स्पीकर विकत होता आणि उरलेले काम करण्याइतके ज्ञान गिऱ्हाइकाच्या हाती देत होता. विटांचा कोपरा कोणताही कारखाना खोक्यात भरून पाठवू शकत नाही, तो घरमालकालाच बांधावा लागतो. 1954 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ब्रिग्ज यांनी प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ एक ऐकवले. पुढच्या वर्षी असाच कार्यक्रम न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाला.

इथे एक आक्षेप सुतारकामाच्या बाजूनेच येतो. लाकूड स्वर देते, मग पेटीचे लाकूड गायला नको का? मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तारांना आपली आस देतो आणि त्यासाठीच तो पारखून घेतला जातो. स्पीकरच्या पेटीचे काम याच्या उलट आहे. तंबोऱ्याची आस ध्वनिमुद्रणात आधीच आलेली असते. पेटीने तिच्यात स्वतःची भर घातली तर प्रत्येक वाद्य त्याच एका लाकडाचे वाटू लागेल. तरीही पेटीला गप्प कसे करावे याचे उत्तर एकच नव्हते. ब्रिग्ज वजनाच्या बाजूचे होते. बीबीसीच्या संशोधन विभागात एच. डी. हारवुड आणि त्यांचे सहकारी वेगळ्या निष्कर्षाला आले. बर्च प्लायवूडची तुलनेने पातळ भिंत आणि तिच्यावर आतून आवाज शोषणारा जड थर अशी जोडी केली, तर फळीचा अनुनाद खाली सरकतो आणि तिथे तो लवकर विरतो. सत्तरच्या दशकातला बीबीसीचा छोटा एलएस3/5ए हा स्पीकर याच विचारातून झाला. लाकडाची जात, जाडी आणि सांधा हे प्रश्न प्रयोगशाळेलाही करवत हातात घेऊनच सोडवावे लागले, हे इथे महत्त्वाचे आहे.

ब्रॅडफर्डचे दुसरे योगदान आर्थर बेली यांचे. ते तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत. ऑक्टोबर 1965 च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये त्यांनी एक रचना मांडली. कोनाची मागची लहर पेटीत कोंडून ठेवली तर ती पातळ कोनातून पुन्हा बाहेर झिरपते. म्हणून तिला घडी घातलेल्या लांब नळीतून जाऊ द्यावे आणि नळीत लांब धाग्याची लोकर सैल भरून तिला वाटेतच थकवावे. लोकर हे ब्रॅडफर्डचे घरचे धन होते. खर्जाची लहर शोषायला लांब धाग्याची लोकर चांगली, हे बेली यांनी मोजून दाखवले. त्यांची पेटी आतल्या आडव्यातिडव्या फळ्यांमुळे बांधायला किचकट होती, पण मासिकात आराखडा असल्यामुळे करवत, डिंक आणि चिकाटी असलेल्या कोणालाही ती बांधता येत होती. 1972 मध्ये त्यांनी त्याच मासिकात सुधारित रचनाही दिली.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की हौशी मंडळींनी नवे काही शोधले नाही, त्यांनी तज्ज्ञांची नक्कल केली. सिद्धांत तज्ज्ञांकडून आला, हे मान्यच करायला हवे. पण तज्ज्ञ आणि हौशी यांच्यातली सीमा या आक्षेपात वाटते तितकी पक्की नव्हती. ब्रिग्ज कापडाच्या धंद्यातून आले. खोलीच्या भिंतींनाच कर्ण्याचा भाग करणारा कोपऱ्यातला स्पीकर बांधणारे अमेरिकन पॉल क्लिप्श तेलशोधाच्या क्षेत्रात काम केलेले होते. शिवाय सिद्धांत कागदावर असणे आणि तो वापरात येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्येच दाखवून दिले होते की स्पीकरची काही मोजकी मापे ठाऊक असली तर वाट असलेल्या पेटीचा खर्ज आधीच गणिताने सांगता येतो. ही मापे म्हणजे त्याचा स्वाभाविक अनुनाद, तो किती लवकर विरतो, आणि त्याच्या लवचीकतेची बरोबरी करणारे हवेचे आकारमान. त्यांचा निबंध स्थानिक नियतकालिकात पडून राहिला आणि 1971 मध्ये अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने पुन्हा छापल्यावर सर्वत्र पोहोचला. लगोलग सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी तो विचार पुढे नेला. पुढे ही मापे सुट्या स्पीकरच्या माहितीपत्रकात छापली जाऊ लागली. ती कोणासाठी? ज्याला स्वतः पेटी बांधायची आहे त्याच्यासाठी, मग तो छोटा कारखानदार असो वा घरी काम करणारा. तोवर अंदाजाने आणि कानाने जुळवली जाणारी पेटी आता साध्या कॅल्क्युलेटरवर ठरवता येऊ लागली.

राहता राहिला पैशाचा मुद्दा: लोक स्वस्त पडते म्हणून बांधत, स्वस्त तयार माल आला आणि हौस संपली. पैसा हे कारण होतेच, पण केवळ काटकसरीने चांगला स्पीकर होत नाही, हे आपल्याकडच्या अनुभवातून दिसते. आयातीवर कडक निर्बंध होते त्या दशकांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटा वूफर आणि ट्विटर घ्यायचा, सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्यायची आणि तिला सनमायका लावायचा, हा सर्रास मार्ग होता. काहींनी माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला. त्यातही समज होती, कारण गोल भिंत सपाट फळीपेक्षा ताठ असते आणि तिला समोरासमोरच्या समांतर बाजू नसतात. सुतार कुशल होते, कान तयार होते. पण सुट्या वूफरवर बहुधा इंच, वॅट आणि ओहम एवढेच लिहिलेले असे. पेटीचे लिटर काढायला लागणारी मापे हाती नसत, म्हणून पेटी सवयीने किंवा दिसण्यावरून ठरे आणि खर्ज पुष्कळदा घुमणारा निघे. ब्रॅडफर्डच्या वाचकाजवळ पुस्तक होते, मासिक होते, आराखडा होता. आपल्याकडे हात तितकेच समर्थ असून माहिती पोहोचली नव्हती. फरक हौसेचा नव्हता, विद्येच्या वाटणीचा होता.

आज बाजारातल्या बऱ्याच स्पीकरमध्ये अॅम्प्लिफायर आणि संगणकी दुरुस्ती प्लास्टिकच्या खोक्यात सीलबंद असते. आत काय आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि बिघडले तर ते उघडताही येत नाही. दुसरीकडे मोजमापाचा मायक्रोफोन आणि मोफत संगणक प्रणाली सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहे. जे काम एकेकाळी बीबीसीच्या दालनात होई, त्याचा मोठा भाग आता घरात करता येतो. म्हणून घरच्या स्पीकरचा इतिहास जुन्या हौसेची आठवण म्हणून जपणे पुरेसे नाही. यंत्र अर्धे विकून उरलेल्या अर्ध्याची विद्या मोकळेपणाने देणारा उत्पादक, आराखडा छापणारे मासिक आणि मोजून मग करवत चालवणारा कारागीर हे तिघे एकत्र आले तेव्हा गिऱ्हाईक आपल्या आवाजाचा जाणकार झाला. आपल्या पॉलिटेक्निकांत आणि आयटीआयमध्ये सुतारकाम आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगवेगळ्या खोल्यांत शिकवले जाते. एक स्पीकर बांधणे हा त्या दोन्ही वर्गांना एकत्र आणणारा उत्तम पाठ ठरेल, आणि तो सुरू करण्यासाठी लागणारी सारी विद्या गेली पन्नास वर्षे खुली आहे.