मानसिक गतीचे मापन
उद्दीपक समोर आल्यापासून व्यक्तीने प्रतिसाद देईपर्यंत जाणारा वेळ म्हणजे प्रतिक्रियाकाल. त्यावरून मानसिक प्रक्रियांच्या गतीचे अनुमान करतात. मात्र या वेळेत ज्ञानेंद्रिये, निर्णय व स्नायू यांचे कार्य एकत्र मिसळलेले असते. ते वेगळे कसे करावे, हा या मापनाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतील आवेगाचा वेग मोजला. डच शरीरक्रियावैज्ञानिक फ्रान्स डॉन्डर्स यांनी १८६८ मध्ये वजाबाकीची पद्धती मांडली. निवड करावी लागणाऱ्या प्रतिक्रियेच्या कालातून साध्या प्रतिक्रियेचा काल वजा केल्यास ओळख व निवड यांना लागलेला वेळ उरतो, असे त्यांचे गृहीत होते.

पुढील संशोधनात वृद्धांचा प्रतिक्रियाकाल तरुणांपेक्षा अधिक असल्याचे वारंवार आढळले. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९९६ मध्ये वयपरत्वे होणाऱ्या बौद्धिक ऱ्हासाचे मोठे कारण ही मंदगती असल्याचे प्रतिपादिले. तथापि रॉजर रॅटक्लिफ यांच्या १९७८ मधील विसरण प्रतिमानामुळे माहिती गोळा होण्याचा वेग, निर्णयातील सावधपणा आणि निर्णयाव्यतिरिक्तचा काल यांचे स्वतंत्र मापन शक्य झाले. या प्रतिमानावर आधारलेल्या, दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या २०२२ मधील अभ्यासात विशीनंतरची मंदता मुख्यतः वाढत्या सावधपणामुळे व निर्णयाव्यतिरिक्तच्या क्रियांमुळे येते, तर मानसिक गती साठीपर्यंत फारशी घटत नाही, असे दिसून आले. म्हणून विलंबाने दिलेले उत्तर हा बुद्धिमांद्याचा पुरावा ठरत नाही.