‘मोरो’ : एका स्पॅनिश शब्दाची उरणपर्यंतची वाट

द्रोणागिरी म्हटले की आज सिडकोचा नोड, उरणची लोकल आणि न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा आठवतात. डोंगरावर मात्र पोर्तुगीज काळातल्या तटबंदीचे आणि चर्चचे अवशेष अजून आहेत. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने तहात वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. उरण-करंजाही त्यांच्याकडे गेले आणि वसईच्या मोहिमेपर्यंत, म्हणजे जवळपास दोनशे वर्षे, त्यांच्याकडेच राहिले. या काळातल्या पोर्तुगीज कागदांत हिंदू माणूस ‘जेंतिओ’ होतो आणि मुसलमान ‘मोउरो’. स्पॅनिशमध्ये हाच शब्द ‘मोरो’.

आपल्याकडची बरीच मुले आता स्पॅनिश शिकतात. हा शब्द त्यांना कुठे ना कुठे भेटणारच. त्याचा अर्थ ‘मूर’ एवढाच वहीत लिहून पुढे गेले तर शब्दातले बरेच काही हातातून निसटते.

मूळ लॅटिन शब्द ‘माउरुस’. मॉरितानिया या रोमन प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर मोरोक्को आणि पश्चिम अल्जीरियाच्या पट्ट्यातला, रहिवासी. त्यात धर्म नव्हता. असणे शक्यही नव्हते, कारण इस्लामच्या कितीतरी आधीचा हा शब्द. ७११ मध्ये मुस्लिम फौजा सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये आल्या. त्यात बर्बर मोठ्या संख्येने होते. तेव्हापासून प्रदेशाचे नाव हळूहळू धर्माचे नाव झाले. पुढे अरब, बर्बर आणि पिढ्यान्‌पिढ्या स्पेनमध्येच जन्मलेले, स्पेनच्याच रक्ताचे मुसलमान सगळे एकाच शब्दात बसवले गेले.

१४९२ ला ग्रॅनाडा पडले. दहा वर्षांत कॅस्टिलच्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. बाप्तिस्मा घेतलेल्यांना नवा शब्द मिळाला, ‘मोरिस्को’. धर्म बदलला तरी शब्दाने पाठ सोडली नाही. १६०९ पासून पाच वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्यात आले. सर्वान्तेसने ‘दोन किहोते’च्या १६१५ च्या दुसऱ्या भागात रिकोते नावाचा असाच एक हद्दपार मोरिस्को आणला आहे. तो वेष बदलून आपल्याच गावाकडे परततो. त्या कादंबरीचा मूळ लेखक म्हणून सर्वान्तेस ज्या सीदे हामेतेचे नाव पुढे करतो, तोही ‘मोरो’च!

हा शब्द घेऊनच आयबेरियन दर्यावर्दी पूर्वेकडे निघाले. १४९८ मध्ये वास्को द गामाच्या जहाजावरून कालिकतला उतरलेल्या पहिल्या माणसाला त्यूनिसचे दोन मुसलमान भेटले. ते कॅस्टिलियन, म्हणजे आजची स्पॅनिश, बोलत होते, आणि त्यांनी स्वागत शिवीनेच केले. त्यांना ‘मोउरो’ म्हणणे निदान भूगोलाला धरून होते. पण मलबारचे मापिळा, कोकणचे कोकणी मुसलमान यांचा मॉरितानियाशी संबंध काय? पोर्तुगीजांनाही हा फरक कळत होता. त्यांनी ‘मोउरो दा तेर्रा’ (या मातीतले) आणि ‘मोउरो दे मेका’ (मक्केकडचे) असे दोन प्रकार पाडले. मातीतला म्हणूनही मोउरो मात्र राहिलाच. इंग्रजांनी हीच सवय उचलली. जॉर्ज हॅडलीच्या १७७२ च्या व्याकरणाच्या शीर्षकात तर हिंदुस्तानी भाषेलाच ‘मूर्स’ म्हटले आहे.

अर्थात नावे ठेवण्याचा मक्ता एकट्या युरोपचा नव्हता. आपण सगळ्या युरोपियनांना ‘फिरंगी’ म्हटले. मूळ शब्द ‘फ्रँक’, आणि पोर्तुगीज काही फ्रँक नव्हते. मराठी बखरींत मुसलमानांसाठी ‘यवन’ येतो, जो मुळात ग्रीकांचा शब्द. ‘अविंध’ही येतो : ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. समोरचा कोण आहे, हे यातला एकही शब्द नीट सांगत नाही. बोलणारा स्वतःला कुठे उभा समजतो, ते मात्र कळते.

आता आजचा वापर. स्पॅनिश अकादमीच्या कोशात ‘मोरो’चे अर्थ वाचण्यासारखे आहेत : उत्तर आफ्रिकेचा रहिवासी, मुसलमान, बाप्तिस्मा न झालेले मूल, पाणी न मिसळलेली वाइन (तिचाही बाप्तिस्मा झालेला नाही, असा विनोद), आणि बायकोवर संशयी हुकमत गाजवणारा नवरा. शेवटचा अर्थ कुठून आला असेल, ते समजायला कोश लागत नाही. ‘किनाऱ्यावर मोरो नाहीत’ हा वाक्प्रचार ‘आसपास कोणी नाही, बोला बिनधास्त’ या अर्थाने सहज वापरतात. आल्कोईसारख्या गावांत ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’ हा लुटुपुटुच्या लढाईचा उत्सव होतो. क्यूबात याच नावाचा पदार्थ म्हणजे काळा घेवडा आणि भात. ही नावे जशीच्या तशी घ्यावीत, त्यात बिघडत नाही. पण स्पेनमध्ये आज एखाद्या मोरोक्कन कामगाराला ‘मोरो’ म्हणणे हा सरळ अपमान ठरतो. धर्म सांगायचा तर ‘मुसुलमान’, देश सांगायचा तर ‘मारोकी’, हे साधे शब्द आहेत. ‘मोरेनो’ (सावळा) मात्र त्याच मुळातून आला असूनही लाडाने वापरला जातो.

स्पेनमधल्या ‘कास्त्रियो माताहुदिओस’ या गावाने, नावाचा अर्थ ‘यहुदी मारा’ असा होत होता म्हणून, मतदान घेऊन २०१५ मध्ये नाव बदलले. बादाहोस प्रांतातले ‘वाये दे मातामोरोस’ अजून त्याच नावाने आहे.

फिलिपिन्समध्ये गोष्ट वेगळी झाली. मनिला ते मिंडानाओपर्यंत जे मुसलमान भेटले त्यांनाही स्पॅनिशांनी ‘मोरो’च म्हटले. विसाव्या शतकात दक्षिणेतल्या मुसलमानांनी तोच शब्द स्वतःसाठी घेतला. नूर मिसुआरींची संघटना ‘मोरो’ नावानेच उभी राहिली, आणि २०१९ पासून तिथे ‘बांगसामोरो’ हा स्वायत्त प्रदेश आहे. मिंडानाओच्या एखाद्या खलाशाने स्वतःची ओळख ‘मोरो’ अशी सांगितली तर ती अभिमानाने सांगितलेली असते. माद्रिदच्या बसमध्ये हाच शब्द ऐकू आला, तर तो कोण कोणाला म्हणतोय ते आधी पाहावे.