झाडीतला सोंगाड्या आणि व्यासपीठावरचा वक्ता

मुंबई-कोलकाता महामार्गाला गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता जिथे छेदतो, ते गाव कोहमारा. तालुका सडक अर्जुनी. गोंदिया जिल्ह्यात मोरगावची अर्जुनी वेगळी, म्हणून या अर्जुनीला सडकेचं नाव चिकटलं. आजूबाजूला धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव आणि नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल. पश्चिमेला महामार्गावरच साकोली, तर दक्षिणेकडे वडसा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या रंगभूमीची राजधानी. अशा चौकाच्या गावाला किल्ल्या-वाड्यांचा इतिहास नसतो. तिथून कोण गेलं आणि काय घेऊन गेलं, हाच त्याचा इतिहास. या रस्त्यांवरून धान गेला, बांबू गेला, तेंदूपत्ता गेला. आणि दिवाळीनंतर, धान कापणीला आल्यावर, गावोगावच्या मंडईसाठी दंडारवाले, खडीगंमतवाले, नाटक मंडळ्या आणि कव्वालही गेले. या शेवटच्या वाहतुकीची नोंद मात्र फारशी कुणी ठेवली नाही.

मंडईला निव्वळ जत्रा म्हणणं अपुरं आहे. भाऊबिजेच्या सुमारास सुरू होणारी ही मालिका म्हणजे एकाच दिवसात भरलेला बाजार, पाहुण्यांचा मेळावा, सोयरिकीची बोलणी आणि रात्रभराचा खेळ. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी 1969 साली शिकागोत ‘ब्लॅक एक्स्पो’ भरवला आणि पुढे 1970 मध्ये ‘इंडियाना ब्लॅक एक्स्पो’ ही संस्था उभी राहिली. त्यांच्या मेळाव्यांची घडण याहून फार निराळी नव्हती: आपल्या माणसांची दुकानं, आपल्या माणसांच्या भेटीगाठी आणि एकाच मंचावर गाणारे, हसवणारे, उभारी देणारे. आपल्याकडे आज मंडईच्या जोडीला भीमजयंतीचे कार्यक्रम आहेत, धम्म मेळावे आहेत, आणि त्यांच्या पत्रिकांवर दिवसा मार्गदर्शन व रात्री प्रबोधनपर कार्यक्रम अशी वाटणी ठरून गेलेली दिसते. या वाटणीमागे एक समजूत आहे. विनोद हा गर्दी जमवण्यापुरता, खरा माल भाषणात. विनोद म्हणजे कडू औषधाबरोबरचा गूळ. ही समजूत चुकीची आहे, असं मला इतिहास पाहून म्हणायचं आहे. मराठी मुलखात माणसाला जागं करण्याचं काम हसवणाऱ्याने आणि सांगणाऱ्याने मिळून केलं, आणि त्या दोघांना जोडणारा सांधा होता प्रश्न.

पहिला पुरावा जोतीराव फुल्यांचा. 1855 साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. नाटकात अडाणी कुणबी आहे, त्याची गरोदर बायको आहे, त्यांना ग्रहांची भीती घालणारा जोशी आहे आणि शिक्षणाची महती सांगणारा पाद्री आहे. आजच्या भाषेत पाद्री हा प्रेरक वक्ता. तेवढ्यावर भागत असतं तर फुल्यांना आणखी पात्राची गरज नव्हती. पण त्यांनी विदूषक घातला, आणि तोही राजाच्या पदरचा खादाड मित्र नव्हे. जोशाची प्रत्येक लबाडी प्रेक्षकाला उलगडून दाखवणारा, मधे मधे बोलणारा, टोचणारा. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायला निघतात, ते एकट्या पाद्र्याच्या उपदेशामुळे नव्हे. पुढे 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना फुल्यांनी हीच रीत धरली: धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात, आणि अवतारकथांची थट्टा या प्रश्नोत्तरांतून फुलत जाते. ते पुस्तक फुल्यांनी अर्पण केलं, ते अमेरिकेत निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. म्हणजे शिकागोची आणि झाडीपट्टीची गोष्ट शेजारी ठेवण्याचा उपद्व्याप आजचा नाही. तो धागा मराठीत दीडशे वर्षांचा आहे.

दुसरा पुरावा जलशांचा. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा उचलला: गण, गवळण, बतावणी, वग. साचा तोच ठेवून त्यांनी आशय बदलला. महाड आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहांनंतर, 1930 च्या दशकात, नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार आंबेडकरी चळवळीचे निरोप गावोगाव नेऊ लागले. त्यांनी काय टाकलं आणि काय ठेवलं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. गणातला गणपती गेला, तिथे बाबासाहेबांचं वंदन आलं. गवळण गेली, कारण तिच्यात बाईची थट्टा होती आणि ती ज्या बायकांच्या जिवावर रंगे त्यांची विटंबनाही होती. सोंगाड्या मात्र राहिला. पोराला शाळेत कशाला घालू, मेलेलं ढोर का ओढू नको, देवळात जाऊन काय मिळणार, असे प्रश्न गावातला हट्टी माणूस विचारील तसेच मंचावर कुणीतरी विचारायला हवे होते. भाषणात असे प्रश्न वक्ता स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. श्रोता फक्त मान डोलावतो. सोंगाड्या विचारतो तेव्हा श्रोत्याला आपलाच अडाणीपणा समोर उभा दिसतो, त्याला हसू येतं आणि हसता हसता तो बाजू बदलतो. बाबासाहेबांनी एका जलशाची बरोबरी आपल्या दहा सभांशी केली होती, असं चळवळीत सांगितलं जातं. शब्द नेमके कसे होते यावर वाद घालता येईल. पण कार्यकर्त्यांना ही तुलना पटली आणि त्यांनी ती जपली, हा पुरावाही कमी नाही.

झाडीपट्टीत या रीतीला जमीन तयार मिळाली. खडीगंमतीत शाहीर, बाईचं सोंग घेतलेला पुरुष आणि गंमत करणारे गडी प्रेक्षकांसमोर उभ्यानेच खेळ करतात. आणि या भागाचा खास शब्द म्हणजे ‘दुय्यम’. दुय्यम म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना: एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने उत्तर देऊन उलटा सवाल टाकायचा, आणि उजाडेपर्यंत कुणी हटायचं नाही. भीमगीतांची कव्वाली या मुलखात आली तीही याच दुय्यमाच्या साच्यात बसली. नागपूरच्या नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांनी ती विदर्भभर नेली. हा मुलूख आंबेडकरी राजकारणालाही परका नव्हता. 1954 साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती भंडाऱ्यातून, आणि 1 मे 1999 पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. ती निवडणूक ते हरले. दोनच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला लाखो लोक जमले. मतपेटीत न मावलेलं मन वळवण्याचं काम सभांबरोबरच गाण्यांनी आणि जलशांनी केलं होतं.

तिसरा पुरावा विदर्भातल्याच गाडगेबाबांचा, आणि तो सर्वांत नेमका आहे, कारण तिथे वक्ता आणि सोंगाड्या एकाच अंगात होते. चिंध्या आणि डोक्यावर गाडगं हा वेशच मुळी सोंगाड्याचा. वऱ्हाडी बोलीतलं त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसाला एकामागून एक साधे प्रश्न. माणूस उत्तर देत जातो, आणि चौथ्या-पाचव्या उत्तराला त्याच्याच तोंडून त्याच्या नवसाचा, कर्जाचा, दारूचा फोलपणा बाहेर पडतो. सभा हसते, आणि हसणाऱ्यांत तो स्वतःही असतो. आज सप्तखंजेरी वाजवत गावोगाव फिरणारे सत्यपाल महाराज याच वाटेने जातात.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: सोंगाड्याची थट्टा बहुतेक वेळा बायकांची, अपंगांची, खालच्या मानलेल्या जातींची होती, तिचा एवढा गौरव कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. तमाशात नाचणाऱ्या-हसवणाऱ्यांमध्ये दलित जातींची माणसं होती आणि पैसे टाकणारे बहुधा दुसरे होते. पण याच अनुभवातून गेलेल्या जलसाकारांनी विनोद टाकून दिला नाही, त्याची दिशा फिरवली. आधी वरचा खालच्याला हसत होता. आता जोशी, सावकार आणि स्वतःच्या मनातलं भय हे हसण्याचे विषय झाले. हत्यार वाईट हातात होतं म्हणून ते मोडायचं, की हिसकावून घ्यायचं? जलसाकारांनी दुसरा पर्याय निवडला. आजही झाडीपट्टीच्या काही नाटकांत दुहेरी अर्थाच्या कोट्यांचा चिखल असतो, ही तक्रार रास्त आहे. तिचं उत्तर अधिक चांगला सोंगाड्या हेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हसण्याने राग विरघळतो. पोट धरून हसलेला माणूस घरी जाऊन शांत झोपतो, मग चळवळ कुणी करायची? हसण्याच्या एका जातीबद्दल हे खरं आहे. पण अमेरिकेतला डिक ग्रेगरी पाहा. 1961 मध्ये शिकागोच्या प्लेबॉय क्लबात गोऱ्या प्रेक्षकांना वर्णभेदावर हसवून तो नावारूपाला आला, आणि दोनच वर्षांत मतदार नोंदणीपायी उपाशी राहण्याची पाळी आलेल्या मिसिसिपीतल्या लोकांसाठी अन्न घेऊन गेला, बर्मिंगहॅममध्ये तुरुंगातही गेला. त्याच्या विनोदाने राग विरघळवला नाही, त्याला धार लावली. फरक प्रश्नाचा आहे. प्रश्न शिल्लक ठेवणारं हसू माणसाला घरी स्वस्थ बसू देत नाही. प्रश्नच नसलेलं हसू झोप आणतं. आणि प्रश्न नसलेलं भाषणही झोपच आणतं, फक्त ती टाळ्यांनंतरची असते.

तिसरा आक्षेप आजचा आहे. सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावच्या पोरांना आता स्पर्धा परीक्षा हवी आहे, नोकरी हवी आहे. त्यांच्यापुढे मार्गदर्शक वक्ता उभा केला तर काय बिघडलं? काहीच नाही. अर्जाची तारीख, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती ही माहिती सोंगाड्याकडून मिळणार नाही. अडचण माहिती देणाऱ्याची नाही. तुझी परिस्थिती म्हणजे तुझ्याच इच्छाशक्तीचा दोष, असं टाळ्यांच्या कडकडाटात सांगणाऱ्याची आहे. फुल्यांचा पाद्रीसुद्धा एवढं बोलून सुटला नसता. शेजारी विदूषक उभा होता. गावात ग्रंथालय का नाही, जागा का निघत नाहीत, फीचे पैसे कुठून आणायचे, हे प्रश्न वक्त्याला कुणीतरी हसत हसत विचारले पाहिजेत. ते विचारणारा आपण दुपारच्या व्यासपीठावरून उतरवला आणि रात्रीच्या मंचावर नुसता नाचायला ठेवला.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीने त्यांना ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हटलं; म्हणजे देशाने सन्मानलेला झाडीचा कलावंत मुळात हसवणारा आहे. सन्मान झाला, आता उपयोगही व्हावा. येत्या हंगामात मंडई, जयंती किंवा मेळाव्याची पत्रिका छापणाऱ्या मंडळांना एवढंच सांगणं आहे: मार्गदर्शन दुपारी आणि गंमत रात्री, ही वाटणी मोडा. वक्त्यासमोर एक गंमत्या उभा करा आणि त्याला सवाल टाकू द्या. दुय्यम कसा रंगतो, हे झाडीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही.