पाऊस येण्याआधीच वादळी वारा का सुटतो? समजून घ्या ढगांची चाल

बल्लारपूर : एप्रिल-मेमध्ये दुपारी अंग भाजणारे ऊन असते, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. संध्याकाळी काळे ढग दाटतात आणि पावसाचा थेंब पडण्याआधीच धुळीचे लोट उठतात. टिनाचे पत्रे उडतात, लग्नाचा मांडव कोसळतो, तारा तुटतात. हा वारा येतो कुठून?

ढगातून खाली येणारी हवा

तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते. तिच्यात बाष्प असेल तर १२ ते १५ किलोमीटर उंचीचा ढग तयार होतो. त्यातून पाऊस पडू लागला की बरेच थेंब खालच्या कोरड्या हवेतच वाळतात. माठ पाझरून पाणी गार होते, तशीच ही हवा गार होते. गार हवा जड असते. ती वेगाने खाली येते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. म्हणून कधी पाऊस चार थेंब, पण वारा छप्पर उडवणारा असतो.

ढगांची रांग कशी सरकते?

वरच्या थरातला वारा ढगांना ढकलतो. उन्हाळ्यात हा वारा बहुतेकदा पश्चिमेकडून असतो, पण दरवेळी नाही. शिवाय पसरणारी गार हवा समोरच्या गरम हवेला वर उचलते आणि तिथे नवा ढग उभा राहतो. मागचे ढग रिकामे होतात, पुढे नवे तयार होतात. अशी रांग काही तास टिकते आणि एकामागून एक तालुके ओलांडते. वारा तिच्या पुढे धावतो, पाऊस मागून येतो.

किती वेग धोक्याचा?

वारा एकदम वाढून ताशी ४० किलोमीटर किंवा जास्त झाला आणि किमान एक मिनिट टिकला, तर हवामान खाते त्याला सोसाट्याचा वारा म्हणते. वेग दुप्पट झाला की पत्र्यावरचा दाब चौपट होतो.

काय करावे?

- तेंदूपत्ता तोडायला जाताना दुपारनंतरच्या आभाळावर लक्ष ठेवा. उन्हात अचानक गार झुळूक आली की वादळ जवळ आले समजा.
- झाड, विजेचा खांब, होर्डिंग यांच्याजवळ थांबू नका. पक्क्या घरात जा.
- गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका.
- तुटलेल्या तारेला हात लावू नका, ढोरांनाही दूर ठेवा.
- नागपूर हवामान केंद्राचा तीन तासांचा इशारा पाहत जा. विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाईलमध्ये ठेवा.
- नुकसान झाल्यास फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला लगेच कळवा.