छात्रालयातील रात्री आणि श्यामची कथा

बारा ते सोळा ह्या वयाचा मुलगा घरात फारसा बोलत नाही. लहानपणच्या गोष्टी त्याला पोरकट वाटू लागलेल्या असतात आणि थोरांच्या बैठकीत त्याला अजून जागा मिळालेली नसते. ह्या वयाची खरी ओळख आईबापांच्या खालोखाल कोणाला होत असेल, तर ती शिक्षकाला. कुमारांसाठी कथा लिहिणाऱ्यांत शिक्षकांची संख्या सर्वत्र मोठी दिसते, त्याचे कारण हेच असावे. मराठीतील अशा शिक्षकांपैकी सर्वांत अधिक वाचल्या गेलेल्या एका शिक्षकाची हकीकत आज सांगावयाची आहे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, शाळा सोडून लेखक झाले असे सामान्यतः सांगितले जाते. माझ्या मते त्यांनी शाळेची नोकरी तेवढी सोडली.

त्यांच्यापूर्वी मराठी मुलांना वाचावयास काहीच नव्हते असे नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केले. वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ १९०६ साली निघाला. ह्या मासिकांनी मुलांना थोरांची चरित्रे दिली, शास्त्रीय माहिती दिली, गाणी आणि गोष्टी दिल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि ज्या घरातून मुलगा उठून शाळेत येतो, त्या घरातील ओढाताण, तेथील लाज आणि तेथील रुसवेफुगवे ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे कोणास फारसे वाटले नव्हते. कुमारांचे वाङ्मय घराबाहेर हिंडत होते. सानेगुरुजींनी त्याला घरात आणले.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोलीजवळील पालगड गावी झाला. घराणे खोताचे, परंतु वैभव ओसरलेले. दापोलीच्या मिशन शाळेत, पुढे औंध संस्थानात आणि नंतर पुण्यास असे त्यांचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले. १९१७ साली आई गेली, तेव्हा ते शिक्षणासाठी घरापासून दूर होते. एम्. ए. होऊन ते खानदेशात अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी आले, आणि १९२४ साली तेथील हायस्कुलात शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल ह्या नावाने प्रसिद्धीस आली.

ह्या अमळनेरच्या सहा वर्षांपाशी थोडे थांबले पाहिजे. त्या काळी हायस्कुले मोठ्या गावीच असत. खेड्यापाड्यांतून आलेली मुले छात्रालयात राहत, आणि त्या छात्रालयाची व्यवस्था गुरुजींकडे आली. छात्रालयाचा व्यवस्थापक म्हटला म्हणजे हजेरीपट, दिवे मालविण्याची वेळ आणि छडी, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. गुरुजींनी निराळा मार्ग धरला. मुले अंथरुणे तशीच टाकून शाळेत गेली की ते स्वतः ती आवरून ठेवीत, खोल्या झाडीत, कंदिलांच्या काचा पुशीत. काही दिवसांनी मुलांना लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपण करू लागली. ही युक्ती म्हणून केली असती तर मुलांनी ती तेव्हाच ओळखली असती. वर्गातील मुलांना फसविणे किती कठीण असते, हे आम्हां शिक्षकांना विचारावे!

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. मुलांसाठी ते छात्रालयात एक हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून लावीत. १९२८ साली ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक त्यांनी काढले. रोज सकाळी कोणीतरी आपल्यासाठी काही लिहून ठेवले आहे, ह्या ओढीने मुले भिंतीपाशी जमत असतील, आणि आपल्या लिहिण्यातील कोणत्या ओळीला मुले थबकतात, कोणत्या ओळीवरून त्यांची नजर घसरते, हे लिहिणाऱ्यास समोर उभे राहून पाहता येत असेल. लेखकाचे शिक्षण म्हणतात ते ह्याहून वेगळे काय असते? टीकाकाराचा अभिप्राय महिन्यांनी येतो, मुलाच्या तोंडावरचा तत्क्षणी.

१९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला आणि ते चळवळीत पडले. धुळे आणि त्रिचनापल्ली येथील तुरुंगांत त्यांचा काळ गेला. १९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबाजी भावे दर रविवारी बंदिजनांपुढे गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अशी अठरा प्रवचने झाली, आणि ती टिपून घेण्याचे काम सानेगुरुजींनी केले. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक घरोघर आहे, ते त्या लेखणीतून उतरले. बोललेला शब्द कागदावर घ्यावा आणि त्यातील बोलण्याची ऊब तर जाऊ देऊ नये, हे काम किती अवघड आहे! नभोवाणीवर बोलणाऱ्यास आणि त्याचे भाषण वर्तमानपत्रात छापणाऱ्यास ते चांगले ठाऊक असते. गुरुजींना ते त्या चार महिन्यांत हातवळणी पडले असावे.

पुढच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, गुरुवार दिनांक ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि सोमवारी १३ तारखेस पहाटे हातावेगळी केली. ह्या पाच दिवसांत छत्तीस प्रकरणे झाली. उरलेली नऊ त्यांनी सुटून आल्यावर लिहिली. त्यांतील तीन गाळून बेचाळीस प्रकरणांचे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. तुरुंगात ते लिहिले तेव्हा लेखकाचे वय तेहतीस वर्षांचे होते. पाच दिवसांत पुस्तक लिहिले ह्या गोष्टीचे पुष्कळांना नवल वाटते. मला तितकेसे वाटत नाही. जे सहा वर्षे मुलांशी बोलून घोटून झालेले असते, त्याला कागदावर यावयास वेळ लागत नाही.

पुस्तकाची घडणच पाहावी. त्यातील प्रकरणांना गुरुजींनी ‘रात्र’ असे नाव दिले आहे: रात्र पहिली, रात्र दुसरी. सायंकाळची प्रार्थना आटोपली आहे, मित्रमंडळी जमली आहेत, आणि श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगत आहे. ऐकणारा मध्येच काही विचारतो. एखादे दिवशी श्याम थकलेला असतो. हे छात्रालयच आहे. कादंबरीचे कथानक जसे चढत जाते तसे येथे काही नाही. रोज रात्री एक आठवण, आणि मग निजावयाचे. मुलाच्या दिवसाचा जो क्रम तोच पुस्तकाचा क्रम आहे, आणि म्हणूनच ते आजही मोठ्याने वाचून दाखविले असता अधिक रंगते.

आता ह्या आठवणींत काय आहे? पोहावयास भिऊन लपून बसलेल्या मुलाला आई मारीत बाहेर काढते. भाजीत मीठ घालावयाचे राहून जाते, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून वडील ती मुकाट्याने खातात. पुस्तकाच्या ओढीने श्याम पैसे चोरतो. इथपर्यंत सारे कुमारांना साजेसे आहे असे कोणीही म्हणेल. परंतु गुरुजी तेथे थांबत नाहीत. पुस्तकाचा उत्तरार्ध कर्जाने भरलेला आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन घालूनपाडून बोलतो. घरात तेल असते तर मीठ नसते. शेवटी जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते, आणि त्या धक्क्यातून आई उठत नाही. अब्रू जाणे म्हणजे काय, हे मराठी कुमारांना ह्यापूर्वी कोणी इतक्या उघडपणे सांगितले नव्हते.

असे विषय कोवळ्या वयाच्या मुलांना सांगावेत काय, असा प्रश्न पालक आजही विचारतात. ह्याचे उत्तर वर्गात मिळते. शाळेची फी थकलेला मुलगा वर्गात बसलेला असतोच. त्याला कर्ज नवीन नसते. आपल्या घरातील लाज दुसऱ्या कोणाच्याही घरात होती आणि ती तो मोठ्याने सांगत आहे, एवढेच त्याला नवीन असते. सानेगुरुजींना रडका लेखक म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. पुस्तकात अश्रू फार आहेत हे खरेच. परंतु त्या अश्रूंच्या खाली खोतीच्या पडझडीचा आणि सावकारीचा जो रोकडा हिशेब आहे, तिकडे हसणाऱ्यांचे लक्ष जात नाही.

त्यातील एका प्रसंगाचा तर पुढील इतिहासाशी संबंध पोहोचतो. एका वृद्ध महार स्त्रीच्या डोकीवरची मोळी खाली पडली आहे आणि ती उचलून देण्यास कोणी पुढे होत नाही. श्यामची आई मुलाला सांगते की, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन स्नान कर. त्या स्नानात जुन्या घराची मर्यादा आहे आणि त्या मोळीत त्या मर्यादेबाहेर पडणारे पहिले पाऊल आहे. गुरुजींनी दोन्ही जसे घडले तसे ठेवले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी पुढे महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ पासून उपोषण केले. मंदिर खुले झाले. तेव्हा मात्र स्नानाची अट शिल्लक राहिली नव्हती.

दोषही आहेत, ते झाकण्याचे कारण नाही. प्रसंग स्वतःच बोलत असता त्याच्यामागून बोध सांगण्याची शिक्षकी सवय त्यांना सुटली नाही. आई इतकी उंच होते की ती कधी कंटाळली, कधी चुकली असे दिसतच नाही. ‘धडपडणारी मुले’ ह्या कादंबरीत तर छात्रालय आणि त्यातील ध्येयवादी शिक्षक पुन्हा अवतरतात, आणि तेथे उपदेश कथेला पुष्कळदा मागे सारतो. वर्गातील मुले हे पुस्तक हाती घेतात, परंतु मध्येच पाने उलटतात, असे मी पाहिले आहे.

‘श्यामची आई’ मात्र महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून मराठी माणसे जेथे जेथे वसली तेथे तेथे पोहोचली. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली तिच्यावर बोलपट काढला, आणि १९५४ साली प्रथमच दिल्या गेलेल्या राष्ट्रीय पारितोषिकांत उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. गंमत अशी की अत्रे मूळचे शिक्षक. आईची भूमिका करणाऱ्या, ग्वाल्हेरात वाढलेल्या वनमालाबाई, त्याही चित्रपटात येण्यापूर्वी पुण्यास शाळेत शिकवीत. शाळामास्तरांनी लिहिलेली ही गोष्ट शाळामास्तरांनीच पडद्यावर नेली, असे म्हणावयास हरकत नाही.

तो बोलपट पाहण्यास गुरुजी नव्हते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले होते, आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्या अखेरच्या काळातील त्यांचे एक लेखन मला ‘श्यामची आई’च्या शेजारी ठेवावेसे वाटते. आपली पुतणी सुधा हिला ते पत्रे लिहीत आणि ती ‘साधने’त छापली जात. पुढे ती ‘सुंदर पत्रे’ ह्या नावाने पुस्तकरूपाने आली. त्यांत पाखरे आहेत, फुले आहेत, पाऊस आहे, देशातील घडामोडी आहेत, थोरांच्या आठवणी आहेत. येथे बोध जवळजवळ नाहीसा झाला आहे. छात्रालयातील भिंतीवरचे ते रोजचे हस्तलिखित आता टपालाने जाऊ लागले होते, आणि ते एका मुलीच्या नावे होते.