संसर्गाचं भूत

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी मे १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने हिंदुस्थानात साथरोग कायदा केला होता. प्लेग आदल्या वर्षी मुंबईच्या मांडवी भागात दिसला होता. तो जहाजांतून आला असं मानलं जातं. कादंबरी बाहेर पडली त्या सुमारास पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधत होते, आणि २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली.

या घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. स्टोकर १८९० पासूनच कादंबरीची टिपणं काढत होता. पण त्याचा काउंटही जहाजातूनच येतो. मातीच्या पेट्या घेऊन निघालेलं जहाज व्हिटबीच्या किनाऱ्याला लागतं तेव्हा खलाशी नाहीसे झालेले असतात आणि सुकाणूला बांधलेलं कप्तानाचं प्रेत तेवढं उरलेलं असतं. बाहेरून काहीतरी येतं, घरात शिरतं आणि आपल्याच माणसाला आपल्यावर उलटवतं. ड्रॅक्युलाची खरी भीती सुळ्यांपेक्षा यात आहे.

मराठी भुतांचा हिशेब वेगळा आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई अलवंतीण. मागे कुणी नसलेला, क्रियाकर्म न झालेला तो समंध. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं असतं. म्हणून अंगात आलेल्याला भगत पहिला प्रश्न विचारतो, 'तुला काय पाहिजे?' नारळ, कोंबडं, लुगडं असं काही ठरतं आणि देणं फिटतं. हडळीने झपाटलेली बाई हडळ होत नाही. आपलं भूत आपापल्या मरणाने होतं. ड्रॅक्युलाला मात्र 'काय पाहिजे' विचारून उपयोग नाही, कारण तो ज्याला चावतो तो त्याच्यासारखाच होतो. हे भूत देण्याघेण्याचं नाही, लागणीचं आहे.

आपल्याकडे वेताळ आहेच की, असं कुणी म्हणेल. तो प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीतल्या काही गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकलं. बर्टन आणि स्टोकर यांची ओळख होती. बर्टन बोलताना त्याचा सुळा कसा दिसे, याचं वर्णनही स्टोकरने पुढे हेन्री आयर्व्हिंगच्या आठवणींत केलं आहे. त्यामुळे वेताळातूनच ड्रॅक्युला निघाला असं म्हणण्याचा मोह होतो. स्टोकरची टिपणं तसं सांगत नाहीत. आधी त्याने काउंटचं नाव 'वॅम्पायर' एवढंच ठेवलं होतं. 'ड्रॅक्युला' हे नाव त्याला व्हिटबीच्या ग्रंथालयात, विल्यम विल्किन्सनच्या वालाकिया आणि मोल्दाव्हियावरच्या पुस्तकात मिळालं. आणि आपला वेताळ रक्त पीत नाही. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी राजाला न्यायाचा प्रश्न घालतो. गोव्यात आणि कोकणात तर तो गावाचा राखणदार आहे, त्याची देवळं आहेत.

रक्ताने वाढणारं संकट आपल्या पुराणांना माहीत नव्हतं असं नाही. मी राहतो त्या पुंडलिकनगरपासून वेरूळ तीसेक किलोमीटरवर आहे. तिथल्या १५ क्रमांकाच्या, दशावतार लेण्यात अंधकासुरवधाचं शिल्प आहे. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा अंधक उभा राहतो. म्हणून शिवाने त्याला शूलावर उचललं आहे, रक्त झेलायला हातात पात्र धरलं आहे, आणि खाली हाडांचा सापळा झालेली काली आपलं भांडं घेऊन सज्ज आहे. देवीमाहात्म्यातल्या रक्तबीजाची गोष्टही अशीच. म्हणजे लागण आपल्याकडेही आहे, पण रक्त पिणारी ही तिच्यावरचा इलाज आहे. स्टोकरच्या जगात रक्त पिण्याने रोग पसरतो, वेरूळच्या भिंतीवर तो थांबतो.

इतकी उलटी बाजू असताना हे भूत आपल्याकडे आलं कसं? रूपांतरांतून. आणि प्रत्येक रूपांतराने त्यात आपापली भर घातली. मुर्नाऊचा जर्मन मूकपट 'नोस्फेराटू' १९२२ चा. हक्क न घेता कथा उचललेली, फक्त नावं बदललेली. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या, म्हणून आज तो पाहायला मिळतो. यातला काउंट उंदीर आणि प्लेग घेऊन येतो. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पनाही या चित्रपटाची. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या फिरतो. आज जगभर जे 'मूळ' समजलं जातं त्यातलं बरंचसं असं उसन्या प्रतीतून आलेलं आहे. रामसे बंधूंनी 'बंद दरवाजा'त (१९९०) काउंटचा नेवला केला आणि त्याला काळ्या पहाडीवर नेऊन बसवलं. त्याआधीच्या 'पुराना मंदिर'मध्ये सैतानाला आवरायला क्रूस नव्हता, त्रिशूळ होता.

मराठीत हे काम नारायण धारपांनी केलं. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'चा (१९७५) मराठी अवतार म्हणून ओळखली जाते. किंगची कादंबरी मुळात ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, या विचारातून निघालेली. म्हणजे स्टोकरचा काउंट लंडनहून अमेरिकेतल्या एका लहान गावात आणि तिथून मराठीत आला. धारपांच्या उसनवारीवर टीका होत आली आहे. मूळ लेखकाचं ऋण उघड मान्य व्हायला हवं, हे मलाही पटतं. पण काय उसनं घेतलं, तेही पाहायला हवं. किंगच्या गोष्टीत घरं एकेक करून दिवसा बंद राहू लागतात, आणि रात्री खिडकीवर टकटक करणारा ओळखीचा असतो. तिथे देणं फेडून सुटका नाही. 'याला काय पाहिजे' या प्रश्नावर वाढलेल्या वाचकापुढे धारपांनी ही निराळी भीती ठेवली, आणि वाचनालयांतून ती घरोघर गेली.

ती भीती मला पुरती कळली २०२० मध्ये. १८९७ चा तोच कायदा त्या मार्चमध्ये पुन्हा लागू झाला होता. औरंगाबादच्या रोजच्या यादीत पुंडलिकनगरचं नाव येत होतं, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले होते. शेजारच्या काकूंचा मुलगा पुण्याहून कसाबसा पोचला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. स्टोकरचा नियम असा की घरातल्या कुणी 'ये' म्हटल्याशिवाय ड्रॅक्युलाला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. काकू 'ये' म्हणत नव्हत्या. ताट फाटकाजवळच्या ओट्यावर ठेवून त्या मागे सरल्या. तो जेवला, ताट नळाखाली धुऊन पालथं घातलं आणि वरच्या खोलीत चौदा दिवस राहायला बाहेरच्या जिन्याने गेला.