स्टॅफर्डशायर आणि सिडनी बार्न्स

इंग्लंडच्या मध्यभागातील स्टॅफर्डशायर काउंटी क्रिकेट क्लबची स्थापना 1871 मध्ये झाली. मायनर काउंटी स्पर्धेतच तो वाढला; प्रथम श्रेणीचा दर्जा त्याला कधीच मिळाला नाही. 1906, 1908 आणि 1911 ची अजिंक्यपदे त्याने जिंकली, ती मुख्यतः सिडनी बार्न्स या एका गोलंदाजाच्या जिवावर.

27 कसोटींत 189 बळी घेणारा हा माणूस लँकेशायर सोडून 1904 मध्ये मायनर क्रिकेटमध्ये उतरला. कारण साधे होते: पैसा आणि स्वातंत्र्य. आठवड्याभराची नोकरी, शनिवारी लीगचा सामना आणि सवडीने काउंटी हे गणित प्रथम श्रेणीच्या रोजच्या राबण्यापेक्षा त्याला परवडत होते. गोलंदाज म्हणून भेदक, सहकारी म्हणून तापट. साठीपर्यंत तो स्टॅफर्डशायरकडून खेळला आणि क्लबसाठी जवळपास आठच्या सरासरीने 1,400 हून अधिक बळी मिळवले. त्याचे अक्षरही असे देखणे की, काउंटी परिषदेची कायदेशीर कागदपत्रे तो उतारवयातही हाताने लिहीत असे.

पुढे बॉब टेलर आणि डेव्हिड स्टील हे क्रिकेटपटू इथूनच मोठ्या काउंट्यांकडे गेले. क्लबने 1991 ते 1993 सलग तीनदा अजिंक्यपद पटकावले. 2020 पासून ही मायनर काउंटी स्पर्धा ‘नॅशनल काउंटीज’ या नावाने ओळखली जाते.